फिर्यादी, मुक्काम बिबवेवाडी

आमच्या अमरावतीहून माणसं पुण्याला जातात ती पोराला कॉलेजात घालायला, नाहीतर पोराच्या कंपनीजवळ फ्लॅट बघायला. मी गेलो तो बावन्नाव्या वर्षी स्वतःसाठी नोकरी बघायला. त्यामुळे परत आल्यापासून कॉलेजात, गल्लीत, न्हाव्याच्या खुर्चीत एकच चौकशी चाललीय: काय झालं हो पुण्याला? मी प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणे निरनिराळं सांगत होतो. शेवटी सौ. म्हणाली, एकदा काय ते खरं लिहून टाका, म्हणजे मला तरी कळेल मी कुणाला काय सांगायचं. म्हणून हा खटाटोप.

आधी माझा धंदा सांगतो. मी फौजदारी कायदा शिकवतो. त्यातही माझा खास विषय म्हणजे प्रथम खबर, ज्याला तुम्ही-आम्ही एफआयआर म्हणतो. पोलीस ती नोंदवायला टाळाटाळ का करतात, आणि करतात तेव्हा नागरिकाने काय करावं, यावर माझा प्रबंध आहे. या एका प्रबंधावर मी आख्खी कारकीर्द काढली. त्याचं चौथं प्रकरण मी नागपूरला ‘पोलीस आणि नागरिक’ म्हणून वाचलं, नांदेडला ‘नागरिक आणि पोलीस’ म्हणून वाचलं, आणि एका आंतरराष्ट्रीय परिषदेत, जिथे परदेशी पाहुणा म्हणून नेपाळचे एक गृहस्थ होते, त्याचंच इंग्रजी वाचलं. प्रत्येक वेळी प्रमाणपत्र मिळालं, प्रमाणपत्राचे गुण मिळाले आणि जेवणात पनीर मिळालं. मग सरकारने कायदेच बदलले. आमच्या जमातीत हाहाकार उडाला, कारण खुनाचं तीनशे दोन आणि फसवणुकीचं चारशे वीस यांच्यावरच आमची विद्वत्ता उभी होती. मी गप्प बसलो नाही. डावीकडे जुना आकडा, उजवीकडे नवा आकडा, असं पुस्तक काढून टाकलं. माझ्या आयुष्यात खपलेलं ते एकमेव पुस्तक.

पोलीस ठाण्याची पायरी मात्र मी कधी चढलो नव्हतो. पासपोर्टच्या चौकशीलाही हवालदारच घरी आले होते आणि चहा घेऊन गेले होते.

एवढं सगळं करून मी अजून सहयोगी प्राध्यापकच. आमच्याकडची प्राध्यापकाची जागा कित्येक वर्षं रिकामी आहे आणि ती रिकामीच राहावी अशी वरून व्यवस्था आहे. पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठाने मुलाखतीला बोलावलं तेव्हा सौ.ने देवापुढे साखर ठेवली. या वयात पुन्हा कुणी बोलावेल असं नव्हतं. हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

बुधवार सकाळ, बिबवेवाडी

बसच्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, ज्यांनी केला नाही त्यांनी करू नये.

उतरलो ते साडूंकडे. साडू म्हणजे मुकुंदराव, माझ्या मेहुणीचे यजमान, बँकेतून निवृत्त, जन्म पुण्यातला, आणि याबद्दल त्यांना कधी शंका आलेली नाही. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग गूळ-शेंगदाणे, मग ‘काहून एवढे वाळले?’ अशी चौकशी, असा क्रम असतो. मुकुंदरावांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या सामानाकडे पाहिलं. “दोनच बॅगा. म्हणजे शनिवारपर्यंत,” ते म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

मेहुणी वैशाली मात्र माहेरचं माणूस आलं म्हणून हरखून गेली. तिने पोहे केले. आमच्याकडचे पोहे तर्रीत बुडतात, इथले खोबऱ्याखाली दडतात. वैशालीने मधला मार्ग काढून वर खोबरं आणि शेजारी वाटीत झणझणीत रस्सा दिला. दुपारच्या आमटीत मात्र तिने गुळाचा खडा टाकला, माझ्या डोळ्यांदेखत. तिच्या आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

मुलाखत दुसऱ्या दिवशी अकराला होती. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की सर्व मूळ कागदपत्रं आणि प्रकाशित लेखांचे संच घेऊन यावेत. मूळ कागदपत्रं एका काळ्या बॅगेत होती: पदव्या, अनुभवाचे दाखले, जन्मभराची प्रमाणपत्रं. संच बांधून घ्यायचे होते. मुकुंदराव म्हणाले, बुधवार पेठेत जा, तिथे सगळं होतं. मी विचारलं, तुम्ही येता का? तर म्हणाले, “तुम्ही गुन्हेगारीचे तज्ज्ञ. तुम्हाला सोबत कशाला?”

बुधवार दुपार, बुधवार पेठ

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या गर्दीत गेलं की माझ्यासारख्या माणसाला एकच गोष्ट सुचते. स्वतःचं पुस्तक आहे का ते बघायचं. कायद्याच्या एका दुकानात मी साळसूदपणे माझ्याच पुस्तकाचं नाव घेतलं. दुकानदारांनी मान वर न करता सांगितलं, “ठेवत नाही.” मी विचारलं, का हो, खपत नाही? ते म्हणाले, “आकड्यांचा तक्ता आहे नुसता. लोक इथेच उभे राहून फोटो काढतात आणि जातात.” आमच्याकडच्या दुकानदाराने असं असलं तरी ‘उद्याच मागवतो जी’ म्हटलं असतं. खोटं, पण माणसाला बरं वाटतं.

संच बांधायला टाकले. तासाभरात होतील म्हणाले. मी दगडूशेठ गणपतीला बाहेरूनच हात जोडले, कारण आत जायला रांग होती, आणि समोरच्या बाजूच्या एका अमृततुल्यात जाऊन बसलो. बॅग बाकावर, माझ्या शेजारी. इथून पुढे जे झालं ते फक्त माझ्या धंद्यातल्या माणसाच्या बाबतीतच होऊ शकतं.

समोर एक पस्तिशीचा माणूस येऊन बसला. स्वच्छ कपडे, अदबशीर बोलणं. माझ्या हातातल्या मुलाखतीच्या पत्राकडे पाहून म्हणाला, सर, आपण वकील का? मी म्हटलं, वकिलांना शिकवतो. कशाचं? प्रथम खबरीचं. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, “सर, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवंच होतं.”

मंडळी, वीस वर्षांत हे वाक्य माझ्या वर्गात कुणी उच्चारलेलं नाही. मी सुरू झालो. दखलपात्र गुन्हा म्हणजे काय, फिर्याद लेखी की तोंडी, प्रत फुकट मिळते हे लोकांना कसं ठाऊक नसतं, सगळं सांगितलं. तो माणूस एकदाही घड्याळाकडे बघत नव्हता. मध्येच त्याने अत्यंत नेमका प्रश्न विचारला: समजा एखाद्याची वस्तू चोरीला गेली आणि पोलिसांनी लिहून घेतलंच नाही, तर त्याने काय करायचं? मी बाकावरून जवळजवळ उठलोच. दोन्ही हातांनी हवेत आकृत्या काढत त्याला वरिष्ठांकडे अर्ज, मग न्यायदंडाधिकारी, हा सगळा मार्ग दाखवला. त्याने मान डोलावली, माझ्या चहाचे पैसेही देऊन टाकले, वाकून नमस्कार केला आणि गेला. किती गुणी माणूस, असं मनाशी म्हणत मी बॅगेकडे हात नेला. बाक रिकामा होता.

आकृत्या काढताना माझ्या पाठीमागून कुणीतरी, म्हणजे त्याच्याच जोडीदाराने, बॅग उचलली होती. चहावाले म्हणाले, एकजण घेऊन गेला खरा, आम्हाला वाटलं तुमच्यातलाच. मी चौकात वेड्यासारखा इकडून तिकडे धावलो. त्या गर्दीत प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या खांद्याला काळी बॅग होती.

विद्यापीठात फोन लावला. ऑफिसमधल्या मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, “सर, ओरिजिनल्स मस्ट आहेत. नसतील तर पोलीस पेपर लागेल. त्याशिवाय कमिटीपुढे फाइल जाणारच नाही.” मी म्हटलं, स्कॅन आहेत माझ्याकडे. त्या म्हणाल्या, स्कॅन सगळ्यांकडेच असतात, सर.

बुधवार संध्याकाळ, पोलीस ठाणे

कुठलं ठाणं ते लिहीत नाही. मुकुंदरावांना फोन केला तर ते पंधरा-वीस मिनिटांत स्कूटरवर हजर झाले. माणूस तिरकस आहे, पण हाकेला येतो. माझी हकीकत ऐकून एवढंच म्हणाले की शिकवणीची फी म्हणून बॅग जरा जास्त झाली.

टेबलावर एक हवालदार होते, पन्नाशीचे, शांत, मिशीला नुकतं तेल लावलेलं. त्यांनी बसा म्हटलं, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. माझ्या प्रबंधातले पोलीस असे मुळीच नव्हते. मग त्यांनी विचारलं, बॅग चोरीला गेली की गहाळ झाली?

मी म्हटलं, चोरीला गेली. आत्ताच तर सांगितलं.

ते अतिशय समजुतीने सांगू लागले. चोरी म्हटलं तर गुन्हा दाखल होणार. त्याला साहेब लागतात, साहेब बंदोबस्तावर आहेत. मग जागेचा पंचनामा, चहावाल्याचा जबाब. कागद हातात यायला उद्याची दुपार. गहाळ म्हटलं तर इथेच, चहा संपायच्या आत दाखला. तुमची मुलाखत कितीला आहे म्हणालात?

मी अकरा म्हटलं आणि ताठ बसलो. म्हटलं, हवालदार साहेब, चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, खबर नोंदवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, जुनं कलम एकशे चोपन्न, नवं एकशे त्र्याहत्तर. त्यांनी मान डोलावली, म्हणजे कबूल होतं. मग मुकुंदरावांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “यांनी यावर प्रबंध लिहिलाय. पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत, यावर.”

हवालदारांच्या चेहऱ्यावर खरोखरीचा आदर आला. “मग तर सर, तुम्हाला सगळं माहीतच आहे,” ते म्हणाले आणि अर्जाचा कागद माझ्यापुढे सरकवला.

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण याच कागदावर आहे. चोरी झालेला माणूस वस्तू गहाळ झाली असं लिहून का देतो? त्याची मी कारणं दिली आहेत: निरक्षरता, भीती, जनजागृतीचा अभाव. उपाय म्हणून शिबिरं सुचवली आहेत. आणि आता मी, या विषयात माझ्याइतका जागृत माणूस विदर्भात दुसरा नसेल, पेन हातात घेऊन बसलो होतो. घरी सौ. फोनची वाट बघत असणार. बाहेर अंधारून यायला लागलं होतं. मी मुकुंदरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, “माझ्याकडे बघू नका. मी बँकेत होतो.”

मी लिहिलं, ‘रिक्षातून उतरताना बॅग विसरली.’ गहाळ म्हटलं तर ती कुठे झाली हेही सांगावं लागतं, म्हणून रिक्षाचा रंगसुद्धा लिहिला. सही केली. हवालदारांनी शिक्का मारला, आणि अगदी आपुलकीने म्हणाले, उद्या पेढे आणा.

स्कूटरवर मागे बसून परत येताना मला रडूच यायचं बाकी होतं. लाज वाटत होती, आणि दाखला मिळाला म्हणून हायसंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटणं फार वाईट.

गुरुवार, येरवड्याच्या पुढे

विद्यापीठ शहराबाहेर, येरवड्याच्याही पुढे. वाटेत तुरुंगाची भिंत लागली. मी इतकी वर्षं शिक्षेचे सिद्धांत शिकवतो, जरब, सुधारणा, प्रतिशोध वगैरे, पण एवढा मोठा तुरुंग पाहण्याची ही पहिलीच वेळ. रिक्षावाल्याला म्हटलं, जरा हळू घ्या. तो म्हणाला, काका, कोणी आत आहे का? मी नाही म्हटलं. मग त्याने वेग वाढवला.

विद्यापीठ म्हणजे काचेचा राजवाडा. स्वागताला एक मुलगी होती, तिने मला ‘कँडिडेट’ म्हणून गळ्यात पट्टी अडकवली. आमच्या कॉलेजात मुलाखतीला आलेल्याला आधी शिपाई ओळखीचं कोण आहे ते विचारतो, इथे गार पाणी विचारतात. ऑफिसच्या मॅडमनी पोलिसांचा दाखला पाहिला, परफेक्ट म्हणाल्या आणि फाइलला लावला.

समितीत तिघे होते. अध्यक्ष, व्यवस्थापनाचे एक तरुण गृहस्थ, आणि बाहेरून आलेले एक ज्येष्ठ तज्ज्ञ, फौजदारी कायद्यातलेच. तरुण गृहस्थांनी माझं संशोधन समाजात कुठे ‘इम्प्लिमेंट’ झालं आहे ते विचारलं. मी म्हटलं, नांदेडला. त्यांनी लिहून घेतलं. मग तज्ज्ञ चष्मा सारखा करून म्हणाले, आपला प्रबंध मी चाळलाय. एकच विचारतो. सामान्य माणसाची फिर्याद घेत नसतील, वस्तू गहाळ झाली असं लिहून द्या म्हणत असतील, तर त्याने काय करावं?

फाइल त्यांच्यासमोर उघडी होती. दाखला सगळ्यात वर होता. मी म्हणालो, “त्याने ठाम राहावं, सर. सही करू नये.” इतका ठाम आवाज मला वर्गातही कधी लागलेला नाही.

तज्ज्ञ खूश झाले. अध्यक्षांनी दाखला उलटून पाहिला, बॅग हरवली वाटतं, जपायला हवं, असं म्हणाले आणि पुढचं पान उलटलं. बाहेर पडताना त्यांनी हात मिळवून सांगितलं की पत्र रीतसर येईलच, पण तयारीला लागा. प्राध्यापक! मी जिन्यातूनच सौ.ला फोन केला. पलीकडून ती नुसती नाक ओढत होती. संध्याकाळपर्यंत अमरावतीत निम्म्या लोकांना कळलं होतं. वैशालीने रात्री पुरणपोळी केली, आणि मुकुंदरावांनी ‘अभिनंदन’ हा शब्द वापरला. वैशाली म्हणाली, लग्नानंतर त्यांच्या तोंडून हा शब्द ती दुसऱ्यांदा ऐकतेय.

शुक्रवार, पुन्हा ठाणे

सकाळी हवालदारांचा फोन. बॅग सापडली, या. मुकुंदराव आणि मी पेढे घेऊनच गेलो.

झालं होतं असं की गस्तीवरच्या पोलिसाने एका ओळखीच्या चेहऱ्याला हटकलं, तर त्याच्या खांद्याला माझी बॅग. आत सगळं जसंच्या तसं. “यात विकण्यासारखं काही नव्हतंच, सर,” हवालदार मला धीर द्यावा तसं म्हणाले. आणि बाकावर तो बसला होता, माझा गुणी श्रोता. मला पाहून उभा राहिला, वाकून नमस्कार केला. त्याचं म्हणणं सरळ होतं: बॅग रस्त्यात सापडली, मालकाला नेऊन देत होतो. आणि मालकाने स्वतःच लिहून दिलं होतं की ती विसरली.

साहेब आज हजर होते. उत्साही, उंच, नव्या दमाचे अधिकारी. ते म्हणाले, सर, चोरीची नोंदच नाही, म्हणजे हा झाला प्रामाणिक नागरिक. आपण त्याचा छोटासा सत्कार करू. हवालदार माझ्या कानाशी म्हणाले, याला वस्तू फार सापडतात, सर. पण साहेबांनी नारळ आणि शाल मागवलीसुद्धा होती. पेपरला द्यायला चांगली बातमी, ठाण्याचं नाव होतं.

मी सांगतो, अशा वेळी माणसाला जमिनीने पोटात घ्यावंसं वाटतं वगैरे म्हणतात, तसं काही वाटत नाही. माणूस फोटोसाठी केस सारखे करतो. मी केले. मी त्या चोराच्या हातात नारळ दिला, त्याने तो कपाळाला लावला, साहेब मध्ये उभे राहिले, फोटो निघाला आणि लगेच पाठवलाही गेला. साहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी जनजागृतीवर बोललो.

निघणार तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीवरून एक बाई उठल्या. शेखबाई, शाळेत गणित शिकवतात, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातल्याच. सकाळी शाळेला जाताना गाडीवरून आलेल्या दोघांनी त्यांच्या हातातला फोन ओढला होता, त्या ओढाताणीत त्या पडल्या. हवालदारांनी त्यांनाही तोच कागद दिला होता आणि माझ्याकडे बोट दाखवलं होतं, की हे बघा, कायद्याचे प्राध्यापक, यांनीसुद्धा गहाळच लिहिलं.

त्या माझ्यापुढे येऊन म्हणाल्या, “सर, मला यातलं काही कळत नाही. माझा फोन ओढून नेला आणि हे म्हणतात हरवला म्हणून लिहा, लवकर होईल. आपण सांगा, तसंच लिहू का?”

त्यांनी ओढणी कोपराला गुंडाळली होती आणि ती लाल झाली होती. वीस वर्षं मी ज्या फिर्यादी माणसाबद्दल लिहीत होतो तो प्रश्नावलीतला एक आकडा होता. त्याला कोपर असतं हे मला ठाऊक नव्हतं.

मला ‘हो’ म्हणायचं होतं, हे लपवून काय उपयोग. ‘हो’ म्हटलं की संपलं. हातात बॅग, खिशात नेमणूक, रात्रीची बस. ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न मलाच येणार, हेही दिसत होतं. शेजारी मुकुंदराव खाकरले.

मी म्हटलं, “नाही बाई. गहाळ लिहू नका. हातातून हिसकावून नेला, पडलात, लागलं, जसं झालं तसं लिहा. त्याशिवाय सही करू नका.”

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, थोडे दमल्यासारखे. “आणि सर, तुमचं?”

“माझंही लिहून घ्या. बॅग चोरीला गेली होती. मी खोटं लिहून दिलं.”

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. साहेब म्हणाले, सर, फोटो गेलाय! सत्कारमूर्ती तोवर शाल पांघरून चहा पीत होते. साहेबांनी मला आत नेऊन समजावलं, आधी गोडीने, मग कायद्याने. पोलिसांना खोटी माहिती देणं हाही गुन्हा आहे, तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. मला ते कलम पाठ होतं, डावीकडचंही आणि उजवीकडचंही. मी म्हटलं, करा. माझा आवाज कापत होता, आणि काल समितीपुढे तो अजिबात कापला नव्हता. बाहेर मुकुंदराव एवढंच म्हणाले, “एका फेरीत फिर्यादी आणि आरोपी. तिकीट वसूल.” पण ते तिथून हलले नाहीत, दिवसभर माझ्याशेजारी बसून राहिले, आणि वैशालीला फोन करून डबा मागवला.

चोराला बसवून ठेवलं. शाल परत घेतली, पण नारळ मुद्देमालात धरायचा की त्याच्याकडेच ठेवायचा यावर टेबलाशी थोडा खल झाला. त्याने माझ्याकडे पाहून अगदी मनापासून म्हटलं, “बरोबर आहे, सर. परवा तुम्ही असंच करायला सांगितलं होतंत.”

दुपारी मी विद्यापीठात फोन केला आणि मॅडमना सांगितलं की फाइलला लावलेला पोलिसांचा दाखला खोटा आहे, मीच खोटी माहिती दिली होती. बराच वेळ पलीकडून नुसतं संगीत वाजलं. मग त्या परत आल्या आणि म्हणाल्या, “सर, मग सिलेक्शन होल्डवर जाईल. आणि होल्डवरचं पुढे काही होत नाही, सर.” आवाज तेवढाच गोड होता. घरी फोन करायला मात्र मला संध्याकाळ झाली. सौ.ने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या बाईंचा हात कसा आहे?

शेखबाईंची फिर्याद आधी झाली. त्यांनी ओळ न् ओळ वाचली, शिक्षिकाच त्या, दोन चुका दुरुस्त करायला लावल्या आणि मगच सही केली. जाताना प्रत पर्समध्ये नीट घडी करून ठेवली. माझी दिवेलागणीला झाली. माझ्यावर काय करायचं ते साहेब अजून ठरवताहेत, पत्र येईल म्हणाले. शनिवारच्या पेपरात तो फोटो मात्र छापून आला, ‘प्रामाणिकपणाचा गौरव’ म्हणून. आमच्याकडे तो सगळ्यांनी पाहिला. माझं अभिनंदन अजून चाललंय.

सोमवारी वर्गावर गेलो. योगायोगाने नाही, मुद्दामच चौथ्या प्रकरणाचा विषय घेतला. चोरी झालेला माणूस गहाळ लिहून का देतो, म्हणून विचारलं. पुढच्या बाकावरच्या पोरीने पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हटलं: अज्ञान, भीती, जनजागृतीचा अभाव.

मी म्हटलं, खोड ते.

ती गोंधळली. म्हणाली, सर, हे तुमच्याच पुस्तकात आहे.

“माझंच आहे, म्हणूनच सांगतो, खोड. आणि लिही: त्याला दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कुठेतरी पोचायचं असतं.”